पहिली हकीगत कोणाची?

वृत्तपत्रे विकली गेली आहेत, हे वाक्य आज खानदेशात कोणीही उच्चारावे आणि ऐकणाऱ्यांनी माना डोलवाव्यात, अशी स्थिती आहे. रावेरच्या बाजारात केळीचा भाव विचारायला आलेला शेतकरी ते म्हणतो, धुळ्याच्या कोर्टाबाहेर तारखेची वाट पाहणारा पक्षकार म्हणतो, आणि समाजवादी कार्यकर्ता तर ते इतक्या सहजपणे म्हणतो की, त्यापुढे काही बोलायचे उरतच नाही. वाक्य बहुतांशी खरे आहे. पण ते उच्चारणाऱ्याच्या फार सोयीचेही आहे. पत्र विकले गेले, तर विकणारा दोषी आणि विकत घेणारा दोषी. रोज सकाळी ते वाचून घडी घालून ठेवणारा मात्र निर्दोष सुटतो. मोर्चाची बातमी आली नाही म्हणून चडफडणाऱ्या तालुका शाखेला, गेल्या वर्षभरात तालुक्यात घडलेल्या किती घटनांच्या जागी शाखेचा माणूस बातमीदाराच्या आधी पोहोचला होता, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. विचारलाच, तर उत्तर लाजिरवाणे येईल.

वृत्तपत्राचा न्यायीपणा अग्रलेखावरून मोजण्याची खोड कार्यकर्त्यांना जुनी आहे. अग्रलेख कोणाच्या बाजूचा असणार हे वाचकाला आधीच ठाऊक असते आणि जिल्हा पत्रांत तो फारसा वाचलाही जात नाही. खरा निवाडा होतो तो आतल्या पानावरच्या चार इंची बातमीत, आणि तोही घटना घडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत. ज्याची हकीगत पहिली पोहोचते, त्याच्या शब्दांत मथळा लागतो. मथळ्यात ‘लूट’ असेल तर फिर्यादीत लूट येते, ‘दंगल’ असेल तर दंगल येते, आणि मग वर्षानुवर्षे खुलासे करीत बसण्याची पाळी ज्याच्यापाशी ना दूरध्वनी ना ओळखपाळख, त्याच्यावर येते. खुलासा छापून आला तरी तो छोट्या टाइपात असतो. पहिली हकीगत कोणाची, या प्रश्नाभोवती खानदेशातील सार्वजनिक जीवनाचा गेल्या पन्नास वर्षांचा बराचसा इतिहास गुंतलेला आहे.

२ मे १९७१ रोजी शहादा तालुक्यातील पाटीलवाडीला गोळीबार झाला आणि एक आदिवासी ठार झाला. हा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला तो १ जुलै १९९८ रोजी. बड्या जमीनदारांच्या हकीगतीत पाटीलवाडीला आलेली माणसे म्हणजे धान्य लुटायला आलेला जमाव होता. आदिवासींच्या हकीगतीत ती भुकेली माणसे होती. त्यांच्या बापजाद्यांच्या जमिनी सावकारी कागदांवरून दुसऱ्यांच्या नावे चढल्या होत्या, आणि आता त्याच जमिनींवर ती सालदार म्हणून राबत होती. दोन हकीगतींपैकी पोलीस ठाण्यात, तहसील कचेरीत आणि बातमीदाराकडे आधी कोणती पोहोचली असेल, हे सांगायला संशोधकाची गरज नाही. एका बाजूला मोटार होती, दूरध्वनी होता, सहकारी संस्थांतील खुर्ची होती. दुसऱ्या बाजूला पायी चालणारी माणसे होती, आणि त्यांची बोली ठाण्यातल्या लेखनिकाला धड कळतही नव्हती.

‘लूट’ आणि ‘दरोडा’ हे शब्द तसे खानदेशला नवे नाहीत. १९४४ साली चिमठाण्याजवळ प्रतिसरकारच्या क्रांतिकारकांनी सरकारी खजिना ताब्यात घेतला. परक्या सरकारच्या लेखी तो दरोडाच होता. स्वातंत्र्यानंतर त्याच घटनेला क्रांतिकार्य म्हणून मान मिळाला, आणि तो योग्यच होता. शब्द कोणाच्या हातात आहे, एवढाच काय तो फरक. पाटीलवाडीच्या भुकेल्यांच्या हातात तो नव्हता.

तो हळूहळू त्यांच्या हातात आला, पण कोणा संपादकाच्या उदारपणामुळे आला असे मात्र नाही. सर्वोदयाच्या तालमीत तयार झालेले भिल्ल कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती पाड्यापाड्यांतून फिरले. लोकांनी जमिनींच्या, मजुरीच्या आणि मारहाणीच्या हकीगती सांगाव्यात आणि त्या कोणीतरी लिहून घ्याव्यात, हे काम सुरू झाले. बाहेरून आलेल्या सुशिक्षित तरुणांनी त्यांना साथ दिली आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. सात-बाराचे उतारे, फेरफार नोंदी, सालदारांचे करार हे सारे तपासले गेले. पीक चोरीला जाते म्हणून आम्हांला खासगी राखणदारांचे दल हवे, असे बडे शेतकरी त्याच सुमारास म्हणत होते. त्या ओरडीला उत्तर मिळाले ते या कागदांतून, कारण जमीन मुळात कोणाची होती हेच कागद सांगू लागले. १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्राला करावा लागला, त्यामागे जी आंदोलने उभी होती त्यांत शहाद्याचे स्थान मोठे आहे. अंबरसिंग त्याच वर्षी वारले. ‘चोर’ हा शब्द आधी छापून येतो आणि बंदुकीचा परवाना मागाहून मागितला जातो, हे शहाद्याने महाराष्ट्राला शिकविले. पण शिकलेले टिकले किती?

तालुक्याच्या गावी बातमी कशी तयार होते, हे या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी एकदा नीट पाहण्यासारखे आहे. तालुका वार्ताहर हा बहुधा पगारी नोकर नसतो. त्याचे किराणा दुकान असते, शाळेत नोकरी असते, नाहीतर शेती असते. पत्राकडून त्याला मिळते ते ओळखपत्र, थोडेसे मानधन आणि जाहिरातींवरचे कमिशन. दिवाळी आली, स्वातंत्र्यदिन आला, आमदारांचा वाढदिवस आला की, पुरवणीसाठी जाहिराती गोळा करण्याचे उद्दिष्ट त्याच्या डोक्यावर येते. ही जाहिरात तो कोणाकडे मागणार? साखर कारखान्याचा अध्यक्ष, बांधकाम ठेकेदार, शिक्षणसंस्थेचा संचालक, बाजार समितीचा सभापती. ज्यांच्याविषयी बातमी द्यायची त्यांच्याच दारात पावतीपुस्तक घेऊन उभे राहायचे, अशी ही व्यवस्था आहे. सायंकाळी त्याला ठाण्यातून गुन्ह्यांची टिपणे मिळतात, कारखान्यातून प्रसिद्धिपत्रक मिळते, आमदारांच्या स्वीय सहायकाकडून छायाचित्र मिळते. गावकुसाबाहेरून काहीही मिळत नाही, कारण तिथून कोणी येत नाही आणि तिथे जाण्याचे भाडे त्याला कोणी देत नाही. या माणसाला ‘विकला गेलेला’ म्हणणे सोपे आहे. वस्तुतः तो वृत्तपत्रसृष्टीतला सालदार आहे.

त्यात भाषेचा पेच आहे. मार खाल्लेला माणूस आपली हकीगत अहिराणीत, भिलीत किंवा पावरीत सांगतो. ठाण्यात ती सरकारी मराठीत उतरते. छापताना तिला आणखी एक इस्त्री होते. ‘आम्हांला हाकलून दिले’ याचे ‘जमावास पांगविण्यात आले’ असे होते. या प्रवासात कर्ता गळून पडतो. कोणी हाकलले हे वाक्यातून नाहीसे होते आणि तरी वाक्य व्याकरणशुद्ध राहते! न्यायीपणाचा मुद्दा असा क्रियापदापर्यंत जाऊन भिडतो.

आता धुळ्याकडे पाहावे. ६ जानेवारी २०१३ रोजी मच्छीबाजार परिसरात एका लहानशा हॉटेलातील किरकोळ बिलावरून भांडण झाले, त्याचे दोन जमातींत दगडफेकीत रूपांतर झाले, आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा मुसलमान तरुण मृत्युमुखी पडले. पहिली हकीगत अर्थातच पोलीस खात्याची होती: जमाव अनावर झाला, पोलीस जखमी झाले, नाइलाजाने गोळ्या झाडाव्या लागल्या. ही हकीगत सर्वस्वी खोटी होती असे नाही. पोलीस खरोखरच जखमी झाले होते. परंतु ती अर्धी होती. उरलेली अर्धी हकीगत कोणत्याही कचेरीतून आली नाही. ती रहिवाशांनी घरांच्या खिडक्यांतून आणि गच्च्यांवरून मोबाईलवर टिपली होती. त्या चित्रफितींत गणवेशातील माणसे उभ्या वाहनांची मोडतोड करताना आणि वस्तू उचलून नेताना दिसत होती. त्या बाहेर आल्या, देशभर दाखविल्या गेल्या, आणि त्यानंतर सहा पोलिसांवर निलंबनाची व अटकेची कारवाई झाली. निवृत्त न्यायमूर्तींचा चौकशी आयोगही नेमला गेला. ज्यांनी त्या फिती टिपल्या, त्यांनी पत्रकारितेचे शिक्षण घेतलेले नव्हते. त्यांनी फक्त खिडकी बंद केली नाही.

इथे ‘दोन्ही बाजू’ नावाच्या पंथाचा समाचार घेणे भाग आहे. निःपक्षपात म्हणजे दोन्ही बाजूंना समान इंच, अशी या पंथाची श्रद्धा असते. पोलिसांना चार इंच, मोहल्ल्याला चार इंच. जमीनदाराला चार इंच, सालदाराला चार इंच. कागदावर तराजू सरळ दिसतो. पण एका बाजूची हकीगत पहिल्या दिवशी पहिल्या पानावर आणि दुसऱ्या बाजूची आठव्या दिवशी सातव्या पानावर आली, तर ते चार आणि चार इंच समान कसे? आणि एकाने सांगितलेले तपासता येते, दुसऱ्याने सांगितलेले तपासले तर खोटे निघते, अशा वेळी दोघांना सारखेच मोजणे हा न्याय नसून आळस आहे. बातमीदार घटनेच्या जागी गेला की नाही, मृताच्या घरी गेला की नाही, कागद पाहिला की नाही, ही न्यायीपणाची खरी कसोटी होय. समान इंचांची पट्टी ही कचेरीत बसल्या बसल्या लावता येते, म्हणूनच ती मालकांना प्रिय आहे.

मालकांची पट्टी प्रत्यक्षात कोणती असते, ते २००९ च्या विधानसभा निवडणुकीने उघडे केले. पी. साईनाथ यांनी त्या वेळी तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या गौरवाची पानेच्या पाने मराठी दैनिकांत बातमी म्हणून छापून आल्याचे दाखवून दिले. एकच मजकूर, शब्दही न बदलता, परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या पत्रांत आला होता. निवडणूक खर्चाच्या हिशेबात मात्र वृत्तपत्रीय जाहिरातींचा आकडा होता ५,३७९ रुपये! चव्हाणांनी आरोप नाकारला; निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये त्यांच्यावर नोटीस काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती रद्द केली, हेही नोंदविले पाहिजे. वृत्तपत्र परिषदेने या ‘पैसे घेऊन बातमी’ प्रकरणाच्या चौकशीसाठी परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिचा अहवाल ७१ पानांचा होता, आणि त्यात पत्रांची नावे होती. जुलै २०१० मध्ये परिषदेने प्रसिद्ध केला तो नावे वगळलेला त्रोटक अहवाल. मूळ अहवाल उजेडात यायला २०११ मध्ये माहिती अधिकाराखाली केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश व्हावा लागला. जी संस्था पत्रांच्या स्वातंत्र्याची राखण करायची, तीच पत्रांच्या अब्रूची राखण करीत बसली. आणि तिच्या हाती शस्त्र तरी कोणते? १९७८ च्या कायद्याने परिषद समज देऊ शकते, ठपका ठेवू शकते. त्यापुढे तिचा हात जात नाही.

आणीबाणीचे दिवस पाहिलेले ज्येष्ठ कार्यकर्ते या संदर्भात १९७५ च्या सेन्सॉरची आठवण काढतात. ती काढावी, पण तुलना जपून करावी. जून १९७५ नंतरच्या सेन्सॉरला पत्ता होता. तो अमुक कचेरीत बसतो, अमुक मजकूर कापतो, हे संपादकाला माहीत होते आणि वाचकालाही कळत होते. कोऱ्या सोडलेल्या जागेतून वाचक अर्थ लावीत असे. १९७७ मध्ये लोकांनी ते सरकार मतपेटीतून घालविले आणि सेन्सॉरही गेला. जाहिरातीच्या देयकात बसलेल्या सेन्सॉरला पत्ता नाही, मुदत नाही, आणि तो जागा कोरी सोडत नाही. तिथे वाढदिवसाच्या शुभेच्छा छापतो. मतपेटीने तो जाणार नाही, कारण मतपेटीकडे जाणारा रस्ता त्याच्या ताब्यात आहे.

जळगावच्या घरकुलांची कथा या दृष्टीने वाचावी. झोपडपट्टीवासीयांसाठी अकरा हजारांहून अधिक घरे बांधण्याची नगरपालिकेची योजना. प्रत्यक्षात त्यांतली थोडीच पुरी झाली. २००६ मध्ये तत्कालीन महापालिका आयुक्तांनी फिर्याद दिली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरविले; त्यांत दोन माजी मंत्री होते आणि माजी नगरसेवकांचा भरणा होता. निकालाविरुद्ध अपिले झाली, तो न्यायालयांचा विषय आहे. नागरिकांचा विषय निराळा आहे. अर्धवट भिंती काही तळघरात लपविलेल्या नव्हत्या. त्या उन्हापावसात, सर्वांच्या डोळ्यांदेखत उभ्या होत्या. ठराव सभागृहात झाले होते, निविदा निघाल्या होत्या, देयके मंजूर झाली होती. फिर्याद ते निकाल एवढ्याला साडेतेरा वर्षे लागली, आणि त्या काळात ज्या कुटुंबाला घर मिळायचे होते त्याच्या मुलांची लग्ने झाली असतील. त्या कुटुंबाची हकीगत शहराला किती ठाऊक आहे? आरोपी रुग्णालयात कधी हलविले गेले, जामीन कधी मिळाला, स्वागत कोणी केले, हे मात्र तपशीलवार ठाऊक आहे.

जिथे खरी हकीगत पोहोचत नाही ती जागा रिकामी राहत नाही. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाड्यावर रविवारचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, ही अफवा त्या वेळी मोबाईलवरून महाराष्ट्रभर पसरली होती. देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीपटाचा तुकडा होती; पळविलेले मूल परत आणून दिल्याचा शेवट कापून ती फिरविली जात होती. जमावाने त्या पाच जणांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठेचून मारले. मारहाणीचेही चित्रण झाले आणि तेही त्याच वाटेने फिरले.

राईनपाडा हा आदिवासी पाडा आहे. १९७१ मध्ये ज्यांच्या कपाळावर ‘लुटारू’ हा शिक्का दुसऱ्यांनी मारला, त्याच मुलखातल्या त्यांच्या भाऊबंदांनी २०१८ मध्ये आपल्याहून निराधार अशा भटक्यांच्या कपाळावर ‘चोर’ हा शिक्का मारला. हे लिहिताना कोणाही डाव्या लेखणीला अडखळायला होते. अडखळून गप्प बसणे मात्र बेइमानी ठरेल. शोषित माणूस शोषित आहे म्हणून त्याची पहिली हकीगत आपोआप खरी होत नाही. खरी हकीगत मिळवावी लागते, तपासावी लागते, आणि त्यासाठी कोणीतरी पाड्यावर आधीपासून जातयेत असावे लागते. धुळ्याच्या मोबाईलने सत्य बाहेर काढले आणि राईनपाड्याच्या मोबाईलने पाच माणसे मारली. यंत्र एकच होते. धुळ्यात माणसांनी स्वतः पाहिलेले दाखविले. राईनपाड्यात कोणीच न पाहिलेले सर्वांनी पुढे ढकलले.

त्या महिन्यांत साक्री तालुक्यात कोणता पक्ष, कोणती संघटना पाड्यांवर सभा घेऊन ‘ही चित्रफीत खोटी आहे’ असे लोकांच्या बोलीत सांगत होती? शासनाची पत्रके निघाली, मोबाईल कंपनीने घटनेनंतर इंग्रजी-हिंदी दैनिकांत पानभर जाहिराती दिल्या. राईनपाड्याच्या बाजारात त्या कोणी वाचल्या असतील? १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हत्यांविषयी सविस्तर निर्देश दिले. जिल्ह्याजिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्यास सांगितले. निर्देश चांगले आहेत. पण अफवा आणि पाडा यांच्यामध्ये उभा राहणारा विश्वासाचा माणूस निर्देशाने नेमता येत नाही. तो पूर्वी काही गावांत होता. शाळामास्तर होता, सर्वोदयी होता, युनियनवाला होता. त्याची जागा आज ज्याच्याकडे फोन चार्ज केलेला आहे त्याने घेतली आहे.

आता स्वतःच्या घराकडे वळावे. समाजवादी शाखांची वृत्तपत्रांविषयीची तक्रार बारकाईने ऐकली तर ती बहुधा अशी निघते: आमच्या शिबिराची बातमी एका परिच्छेदात आटोपली, वक्त्यांची नावे गाळली, छायाचित्रात जिल्हाध्यक्ष कापले गेले. ही न्यायीपणाची तक्रार नव्हे. ही वाट्याची तक्रार आहे. ज्या पुरवणीला पक्ष दुपारी शिव्या देतो, त्याच पुरवणीत सकाळी एखाद्या पुढाऱ्याच्या एकसष्टीनिमित्त पाव पानाची जाहिरात देताना शाखेला संकोच वाटत नाही. प्रसिद्धिपत्रक लिहिताना तर घटना एका ओळीत आणि ‘यावेळी उपस्थित होते’ आठ ओळींत. बातमीदाराने त्यातून काय उचलावे? वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता चळवळीतल्या सुशिक्षितांना आजही बोचते ती याचमुळे: दुःख एकाचे, आणि ध्वनिक्षेपक दुसऱ्याच्या हातात. मालकांच्या पत्रांनी गरिबाची हकीगत त्याच्या तोंडून ऐकली नाही, हा आरोप खरा. पक्षाच्या व्यासपीठाने तरी ती किती वेळा ऐकली?

खानदेशला याहून वेगळा वारसा आहे, आणि तो फोटोला हार घालण्यापुरता उरला आहे म्हणून सांगावा लागतो. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, आणि साने गुरुजी ते शब्द टिपून घेत. स्वतः वक्ता, लेखक आणि कवी असलेला माणूस अठरा रविवार दुसऱ्याचे बोलणे प्रामाणिकपणे उतरवून घेत बसला. ‘गीता प्रवचने’ आज वाचायला मिळतात ती त्या लेखणीमुळे. अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी गुरुजी हस्तलिखित दैनिक चालवीत. पुढे अमळनेरहूनच त्यांनी ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक काढले. १९३८ मध्ये पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिके बुडाली, तेव्हा शेतसाऱ्याच्या माफीसाठी ते गावोगाव सभा घेत हिंडले आणि शेतकऱ्यांचा मोर्चा कलेक्टर कचेरीवर गेला. मांडणी स्वतःच्या पत्रात आणि पाय शेतकऱ्याच्या बांधावर, असे ते काम होते. ते पत्र मोठे नव्हते, श्रीमंत तर नव्हतेच. बुडालेले पीक स्वतः पाहिलेल्या माणसाने ते लिहिलेले होते, एवढे मात्र होते.

आज साधने कमी आहेत असे म्हणायला जागा नाही. उमेदवाराच्या निवडणूक खर्चाचा हिशेब एक रुपया शुल्क भरून कोणाही नागरिकाला पाहता येतो. १९६१ च्या निवडणूक नियमांत तशी तरतूद आहे. त्या हिशेबाशेजारी निवडणुकीच्या पंधरवड्यातील पत्रांची कात्रणे ठेवली की, बातमीच्या वेषातली जाहिरात डोळ्यांना दिसते. जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत निवडणुकीच्या काळात माध्यमांवर देखरेख ठेवणारी समिती असते. तिच्याकडे तक्रार करता येते. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदाराला २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरविले गेले ते असेच: एका पराभूत उमेदवाराने छापलेली ‘बातमी’ आणि दाखविलेला खर्च यांचा मेळ बसत नाही हे चिकाटीने मांडले. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या किती मतदारसंघांत कोणा शाखेने तो एक रुपया भरला? ग्रामसभा कायद्याने वर्षातून किमान चार भरायच्या असतात. कोरम नाही म्हणून तहकूब झालेल्या सभेच्या जागी ठरावांची वही घरोघर सहीसाठी फिरते, हे सर्वांना माहीत आहे आणि त्याची बातमी कोणीच देत नाही, कारण वहीवर सही करणाऱ्यांत आपलेही सभासद असतात.

यावर असे म्हटले जाईल की, कार्यकर्ते थोडे आहेत, पोटापाण्याच्या मागे आहेत, आणि प्रत्येक घटनेच्या जागी धावायला हे काय वृत्तसंस्थेचे कर्मचारी आहेत? म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पण शहाद्याला १९७१ मध्ये गेलेले लोकही मूठभरच होते. प्रत्येक घटनेच्या जागी जाण्याची गरजही नाही. ज्या घटनेत एक बाजू बोलकी आणि दुसरी मुकी आहे, तिथे जावे. तालुक्यातल्या दोघांनी जावे, त्यांतला एक तरी तिथली बोली जाणणारा असावा. ऐकलेले त्याच भाषेत लिहावे, दुसऱ्या बाजूकडेही जाऊन विचारावे, न तपासलेले ते न तपासलेले म्हणून वेगळे ठेवावे, आणि तीच प्रत सर्व पत्रांना, ठाण्याला, तहसीलदारांना आणि या साप्ताहिकाला पाठवावी. दोषी आपल्या पक्षाचा सरपंच निघाला तरी पाठवावी. नाहीतर दुसऱ्या खेपेस तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? तालुका वार्ताहराला भाडे नाही, वेळ नाही. त्याच्या हातात सह्यांनिशी लिहिलेली, पडताळता येण्यासारखी हकीगत पडली तर तो ती घेईल. तो वाईट माणूस नाही. त्याच्याकडे दुसरी हकीगत आजवर कोणी आणूनच दिलेली नाही.

खर्चाचा प्रश्न निघेल. पाव पानाच्या एका शुभेच्छा जाहिरातीच्या पैशात धुळ्याहून साक्री, पिंपळनेर आणि तिथून पाड्यांपर्यंत एस.टी.ने किती वेळा जाऊन येता येते, याचा हिशेब प्रत्येक तालुका शाखेने पुढच्या बैठकीत जमाखर्चाच्या विषयाखाली मांडावा.